ओल्या दाताला चिकटायचं कसं

१९५५ च्या सुमारास झांझिबारहून फारोख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत दाखल झाला. तोंडात चार दात जास्तीचे, त्यांच्या रेट्याने वरचे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवत. पुढे फ्रेडी मर्क्युरी झाल्यावर, पैसा पायाशी लोळत असतानाही त्याने ते दात नीट करून घेतले नाहीत. आवाज बिघडेल ही धास्ती. पण शाळेत असताना कुणी त्याला तारा बसवायचं ठरवलं असतं, तर दातादाताभोवती धातूचं कडं घट्ट बसवावं लागलं असतं. दातावर एखादी गोष्ट नुसती चिकटवून टिकवता येते, यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता.

तो बसायला सुरुवात झाली ती मात्र त्याच साली. अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोर यांनी एक अगदी साधा प्रयोग छापून आणला. कारखान्यांत पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल फिरवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच ८५ टक्के आम्ल माणसांच्या पुढच्या दातांवर ३० सेकंद लावलं, धुतलं, कोरडं केलं आणि वर अ‍ॅक्रिलिकचा थेंब बसवला. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब काही तासांत निखळले, लावलेल्यांवरचे आठवडेच्या आठवडे राहिले. आम्लाने एनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाला, बारीक छिद्रं पडतात आणि पातळ रेझिन त्यांत मुरून घट्ट होतं. यात रासायनिक जादू काही नाही. तरीही दंतवैद्यांनी हे मनावर घ्यायला दीड-दोन दशकं लावली. दातावर ब्रॅकेट थेट चिकटवण्याचं काम न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलं. पाचगणीच्या बोर्डिंग शाळांतली मुलं आज दातांवर ज्या टिकल्या मिरवतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

दाढा भरण्यात त्याआधीचं राज्य चांदीचं. चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी खलात पाऱ्यासोबत घोटायची, फडक्यात घालून जादा पारा पिळून काढायचा आणि लोण्यासारखा झालेला गोळा दाढेत दाबून भरायचा. वजनाने जवळजवळ अर्धा पाराच. या चांदीचा एक मोठा गुण होता: ती कुरकुर करत नसे. तोंडात थोडी लाळ आली, डॉक्टर घाईत असले, तरी ती वर्षानुवर्षं टिकायची. दोष असा की ती दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. तिला अडकायला जागा हवी म्हणून कीड असेल चण्याएवढी आणि दाढ कोरायची बोराएवढी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक यांनी या कोरण्याला शिस्त लावली. त्या काळात ती योग्यही होती, पण तिच्यापायी किती धडधाकट दात खर्ची पडला याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

१९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमए रेझिनचं पेटंट झालं. या रेझिनमध्ये क्वार्ट्‌झची पूड घट्ट बांधून घेतली की दाताच्या रंगाचं, बऱ्यापैकी कणखर भरण तयार होतं. आजचं कंपोझिट त्याच घराण्यातलं. मात्र घट्ट होताना ते आकसतं, साधारण दोन-तीन टक्के, आणि कडेला फट पडू पाहते. म्हणून ते एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि प्रत्येक थरावर निळा दिवा धरायचा. भारनियमनाच्या वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या दवाखान्यांना या दिव्यानेच रडवलं. हॅलोजनचा दिवा विजेवर चाले. शिवाय तो जुना होत मंदावला तरी डोळ्यांना निळाच दिसायचा. वरून टणक वाटणारं भरण तळाशी कच्चं राही. बॅटरीवरचे एलईडी दिवे आले तेव्हा कुठे सुटका झाली. संशोधनपत्रिकांत या दिव्याच्या तीव्रतेबद्दल ढीगभर छापून आलंय, वीज गेली तर काय करायचं याबद्दल जवळजवळ काहीच नाही.

एनॅमलचा प्रश्न सुटला. त्याखालच्या डेंटिनने मात्र सगळ्यांना झुलवलं. एनॅमल जवळपास ९६ टक्के खनिज. डेंटिनमध्ये कोलॅजनचं जाळं, हजारो सूक्ष्म नलिका, आणि त्यांतून आतल्या नसेकडून सतत पाझरणारं पाणी. रेझिनला पाण्याचं वावडं. पाश्चात्त्य दंतवैद्य डेंटिनवर आम्ल लावायला घाबरत, नस मरेल म्हणून. १९७९ मध्ये जपानच्या फुसायामा यांनी एनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल लावून दाखवलं. १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी दाखवलं की रेझिन कोलॅजनच्या जाळ्यात मुरून एक मिश्र थर तयार होतो, काही मायक्रॉन जाडीचा. सगळी पकड त्या थरात. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन कांका यांनी उलटंच सांगितलं: दात पार सुकवू नका. कोरडा ठणठणीत केला की कोलॅजन वाळत घातलेल्या ओल्या सदऱ्यासारखं चिकटून बसतं, रेझिनला आत शिरायला वाट राहत नाही. ओलं ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. म्हणजे नेमकं किती, हे रेझिनच्या बाटलीवर लिहिता येत नाही. ते हाताला कळावं लागतं. पाचगणीत जुलैत खिडकीतून धुकं आत येतं, हवाच ओली असते. रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, न लावता, पेशंटच्या श्वासाच्या वाफेत केलेलं बाँडिंग कमजोर पडतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे डॅमला कंटाळणाऱ्या डॉक्टरला पावसाळ्यात कंपोझिट भरू देऊ नये, असं माझं मत.

मिश्र थराची पुढची कहाणी तितकी गोड नाही. आम्लाने जागी झालेली डेंटिनमधलीच विकरं उघडं राहिलेलं कोलॅजन हळूहळू कुरतडतात, हे २००० नंतरच्या संशोधनात कळलं. पहिल्या दिवशीची दमदार पकड काही वर्षांत निम्म्यावर येऊ शकते. उपाय म्हणून सौम्य आम्लाची, वेगळं धुवायला न लागणारी रसायनं पुढे आली. त्यांतलं जपानमध्ये तयार झालेलं एमडीपी कॅल्शियमशी खरंखुरं रासायनिक नातं जोडतं आणि आजच्या बहुतेक ‘युनिव्हर्सल’ बाटल्यांत तेच असतं.

या साऱ्या गाजावाजात लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी घडवलेलं, १९७२ मध्ये जाहीर केलेलं ग्लास आयनोमर मागेच राहिलं. आपल्याकडे त्याला नुसतं ‘सिमेंट’ म्हणतात. ते ओल्या दाताला आपणहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं, त्याला दिवा लागत नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात फ्रेंकेन यांनी हातहत्यारांनी कीड खरवडून हेच भरायची पद्धत बसवली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. चघळण्याच्या दाबाखाली ते झिजतं हे खरं. तरी खेड्यातल्या शाळकरी पोरांच्या दाढा जास्त कुणी वाचवल्या असतील तर त्यानेच, महागड्या बाटल्यांनी नव्हे.

चांदीचे दिवस आता मोजके आहेत. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, युरोपीय संघाने २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंद केलं, आणि करारातल्या देशांनी २०३४ ही अखेरची मुदत ठरवली आहे. तोवर बाँडिंगला आपल्याकडच्या दातांची परीक्षा द्यावी लागेल, आणि तिची तयारी मला कुठे दिसत नाही. पकड मोजणाऱ्या प्रबंधांत दात येतात ते बहुतेक तारा लावण्यासाठी काढलेल्या उपदाढा: कोवळ्या, निरोगी, पंधरा-सोळा वर्षांच्या. ते पाण्यात ठेवायचे, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवायचे, मग यंत्रात धरून ओढायचे. दवाखान्यात येते ती वाई-पाटणकडची पन्नाशीची बाई. वर्षानुवर्षं मिशरी घासून हिरडीलगत दाताला खाच पडलेली. तिथलं डेंटिन काचेसारखं चकचकीत, नलिका खनिजाने बुजलेल्या. तिथे आम्ल धड मुरत नाही आणि रेझिनही शिरत नाही. भरण सहा महिन्यांत हातात येतं. कराडला आणि सांगलीला दंतमहाविद्यालयं आहेत, यंत्रासाठी कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीत वालचंद अभियांत्रिकी आहे, आणि मिशरीचे दात तर दोन्हीकडे रोज बाह्यरुग्ण विभागात काढले जातात. प्रबंधाचा विषय शोधत फिरणाऱ्या एमडीएसच्या विद्यार्थ्याला मी आधी त्या काढलेल्या दातांच्या बादलीत हात घालायला सांगेन.