धामणीचा रंग आणि धामणीचा राग

वर्धा जिल्ह्यातील चार शेतकऱ्यांना धामणीचा रंग विचारून पाहा. एक म्हणेल पिवळी, दुसरा म्हणेल काळपट, तिसरा मातकट, तर चौथा हिरवट! गंमत अशी, की चौघांचेही खरे आहे. जात एकच, रंग मात्र अनेक.

असे का बरे होते? सापाच्या कातडीतील पेशींत रंगद्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण आनुवंशिकतेने ठरते. शिवाय वयाप्रमाणे रंग बदलतो, कात टाकण्यापूर्वी तो मळकट दिसतो आणि कात टाकल्यावर खुलतो. अमेरिकेतील ‘कोचव्हिप’ म्हणजे चाबूक-साप हाही असाच बहुरंगी. कुठे तो काळा, कुठे भुरा, तर कुठे चक्क गुलाबी असतो. तो शेपटीने माणसाला फटकावतो, अशी तिकडे कथा आहे. आपल्याकडे धामणीच्या शेपटीबद्दलही असेच सांगतात. दोन्ही गोष्टी खोट्या!

मग पिवळी धामण गरीब आणि काळी तापट, असे म्हणता येईल का? नाही. धामण बिनविषारी आहे. माणूस दिसताच ती बहुधा सुसाट पळते. कोंडीत सापडली, तर मान फुगवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि चावतेही. हा राग नव्हे, भीती होय. तीच धामण मोकळ्या बांधावर निमूट निघून जाईल.

रंगावर विसंबण्यात खरा धोका वेगळाच आहे. नागाचे रंगही अनेक असतात. ‘रंगावरून धामणच’ असे म्हणून हात घातला आणि तो नाग निघाला तर? उलट, नाग समजून कितीतरी धामणी मारल्या जातात. उंदीर खाऊन आपले धान्य वाचवणारा मित्रच त्यात मरतो.

सेवाग्रामला आश्रमात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. आश्रमात साप मारीत नसत. पकडून दूर सोडून देत. तुम्ही मात्र पकडू नका, आणि पाळण्याचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण दिले आहे. साप दिसला, की दूर उभे राहा आणि त्याला वाट द्या. कोणताही साप चावला, तर तो कोणता याचा वाद घालीत न बसता तडक रुग्णालय गाठा.