पक्ष्यांच्या मागून येणारे पाहुणे

आज आपण निसर्ग पर्यटनाबद्दल बोलणार आहोत. इकोटुरिझम हा शब्द तुम्ही प्रशिक्षणात किंवा ग्रामसभेत ऐकला असेल. बऱ्याच जणींना वाटतं, ते कोकणातल्या नाहीतर ताडोबाच्या लोकांचं काम, आपल्याकडे काय आहे? तर आपल्याकडे काय आहे, तिथूनच सुरुवात करू.

आपल्या तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते आणि कायगावच्या परिसरापर्यंत जायकवाडीचं बॅकवॉटर येतं. हा नाथसागर म्हणजे सरकारनं १९८६ साली जाहीर केलेलं पक्षी अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. पाणी उथळ आणि काठाला गाळ, त्यामुळे पक्ष्यांना खायला भरपूर मिळतं. हिवाळ्यात इथं चक्रवाक येतात, रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब नावाची हंसासारखी पाखरंही येतात. आपण त्यांना रोज बघतो, म्हणून त्यांचं अप्रूप वाटत नाही. शहरातला माणूस मात्र ते बघायला गाडी करून येतो.

आता हा माणूस आल्यानं काय होतं ते बघा. समजा रविवारी दहा गाड्या काठावर आल्या. गाणी लावली, गाडी गाळापर्यंत नेली, फोटोसाठी पक्ष्यांच्या अंगावर धावले. थवा उडाला. आपल्याला वाटतं, उडाला तर उडाला, परत बसेल. पण या पाखरांना हिवाळाभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते. त्याच जोरावर ती उन्हाळ्याच्या तोंडाला हजारो किलोमीटर परत जातात. दिवसातून चार वेळा उठवलं, तर खाणं कमी आणि खर्च जास्त. आपल्या घरखर्चासारखाच हिशेब आहे. असं वरचेवर झालं की थवे ती जागा सोडतात.

त्या दहा गाड्यांचा पैसा कुठे गेला, तेही बघा. गाडी शहरातली, पाण्याच्या बाटल्या शहरातल्या, जेवण हायवेच्या ढाब्यावर. गावाला मिळाले रिकामे खोके आणि बाटल्या. याला सहल म्हणता येईल. निसर्ग पर्यटन वेगळं असतं.

निसर्ग पर्यटनाची मुख्य तत्त्वं चार आहेत. पहिलं, पाहुण्यामुळे पाणी, झाडं, पाखरं यांना त्रास होऊ नये. दुसरं, पैसा तिथल्या माणसांच्या हातात पडावा. तिसरं, पाहुणा काहीतरी शिकून जावा. चौथं, मिळकतीचा काही वाटा त्या जागेच्या राखणीला जावा आणि नियम ठरवताना गावाचं म्हणणं ऐकलं जावं. यातलं एक जरी सुटलं, तरी बाकीची फार दिवस टिकत नाहीत.

हे बायकांना जमतं का? जमतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफारी चालवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यातलं जंगल. या बायका स्वतः होडी वल्हवतात. इंजिन नसल्यामुळे आवाज नाही, तेलाचा तवंगही नाही. झाडं आणि पक्षी ओळखायचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं, आता त्याच पाहुण्यांना माहिती सांगतात.

दुसरं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथं समुद्री कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांतच उतरतात आणि घरचंच जेवतात. कासव टिकलं तर पाहुणा येणार, हे कळल्यावर राखणीला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ज्या नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचं पाणी आपल्या तालुक्यात येतं, ते ठिकाणही पक्षी अभयारण्यच आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. रामसर म्हणजे जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तिथं स्थानिक मुलं पाहुण्यांना पक्षी दाखवतात. एखाद्या गटाला आपल्या डोळ्यांनी बघायचं असेल, तर हे ठिकाण एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. जायकवाडीसाठी पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्यावर अभयारण्य झालं, म्हणजे आणखी नियम आले. काठावर मासेमारी करणारी आणि पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारी घरं आहेत. त्यांना अभयारण्य म्हणजे नुसती मनाईची पाटी वाटली, तर पाखरं राखायला कोण पुढे येईल? त्यांच्याच घरात पाखरांमुळे चार पैसे आले, तर जाळं टाकणाराच राखणदार होईल. म्हणून काही करायचं ठरलं, तर या घरातल्या बायका पहिल्या दिवसापासून गटात असू द्या.

सुरुवात लहान ठेवा. सगळ्यात आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात गटाचा अर्ज द्या आणि अभयारण्याची हद्द कुठून कुठे आहे ते विचारा. परवानगीशिवाय होडी काढायची नाही, काठावर टपरी टाकायची नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथं लागू आहे. गटातल्या किंवा गावातल्या एक-दोन शिकलेल्या मुलींना पक्ष्यांची ओळख करून घ्यायला लावा. दुर्बीण एक असली तरी पुरते. जेवण घरचंच ठेवा, पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. विकत द्यायचं म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, ती विसरू नका. पाणी तांब्यात द्या, बाटली नको.

एका दिवशी किती पाहुणे घ्यायचे, हा आकडा गटानं आधी ठरवावा आणि ठरावात लिहावा. गर्दी वाढली की नाही म्हणणं जड जातं, कारण समोर पैसा दिसतो.

एक सावधगिरी. हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, आणि पाणी दरवर्षी सारखं नसतं. दुष्काळाच्या वर्षी काठच दूर जातो. म्हणून याच्या भरवशावर मोठं कर्ज काढून खोल्या बांधू नका. शेळी, शिवणकाम, मसाला, जे चालू आहे ते चालू ठेवा. हे वरचं उत्पन्न समजा.

येत्या मासिक बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या काठावर कोणते पक्षी कधी येतात? आत्ता येणाऱ्या लोकांचा पैसा कुणाला मिळतो? आणि त्यांचा कचरा कोण उचलतं? उत्तरं वहीत लिहा. वन्यजीव विभागाला अर्ज देताना ती वही बरोबर न्या.