शस्त्राचा परवाना

लखनौचे चारबाग स्थानक सोडून गाडी कानपूरच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात मानक नगर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. भारतीय रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे मुख्य ठाणे येथे आहे. 1957 साली दोन जुन्या कार्यालयांच्या एकीकरणातून ही संस्था उभी राहिली आणि तिच्या भोवती ही वसाहत वसली. मानक म्हणजे प्रमाण. रूळ कसा असावा, चाक कसे असावे, ब्रेकने किती ताण सोसावा, हे येथे ठरते. एखादा भाग चांगल्या कारखान्यातून आला आहे, एवढ्यावर तो येथे उत्तीर्ण होत नाही. तो बिघडला तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारला जातो. नोकरीच्या निमित्ताने या वसाहतीत राहू लागल्यापासून मलाही प्रत्येक गोष्टीकडे या दृष्टीने पाहण्याची थोडीशी सवय जडली आहे.

माझे एक शेजारी लवकरच सेवानिवृत्त होत आहेत. अवधातील एका खेड्यात त्यांची वडिलोपार्जित शेती आहे आणि उरलेले आयुष्य तेथेच घालवावे असा त्यांचा मानस आहे. एके संध्याकाळी ते बंदुकीच्या परवान्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले व म्हणाले, "भाईसाहेब, तुम्ही सरकारी कागदांत मुरलेले आहात, एकदा नजर घाला." मी मराठी मुलखात वाढलेला. दसऱ्याला घरातील विळी-कोयत्याला फूल वाहण्यापलीकडे शस्त्राशी माझा संबंध आला नव्हता. मी हसून विचारले, "आपल्याला बंदूक कशाला हवी?" ते हसले नाहीत. म्हणाले, "गावाबाहेर एकटे घर आहे. ठाणे दूर. रात्री हाक मारली तर ती पोलिसांपर्यंत पोहोचायची केव्हा आणि ते यायचे केव्हा?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्याच नात्यातील एका लग्नाला मी गेलो. लग्नसराईला इकडे सहालग म्हणतात. वरात मांडवाच्या दाराशी आली, वाद्ये टिपेला पोहोचली आणि पाहुण्यांपैकी एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आनंदाच्या भरात बंदूक वर करून बार काढला. दुसरा बार काढताना कोणाचा तरी धक्का लागला. डोक्यावर दिव्यांचे झाड घेऊन चालणारा एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एकदम खाली बसला. छर्रे त्याच्या खांद्याला चाटून गेले होते. मुलगा वाचला, याला दैवयोग म्हणायचे. त्या गृहस्थांची बंदूक परवान्याची होती आणि ते स्वतः अत्यंत सज्जन म्हणून ओळखले जात. त्याला रुग्णालयात नेत असताना मागे वाद्ये पुन्हा सुरू झाल्याचे ऐकू आले.

माझ्या शेजाऱ्यांचा प्रश्न आणि त्या मुलाचा खांदा, या दोहोंच्या मध्ये शस्त्रपरवान्याचा सारा वाद उभा आहे. नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा काय? असल्यास कोणत्या मर्यादेत? या वादाचा आपल्या देशातील इतिहास ज्या घटनांपासून सुरू होतो, त्यांतील काही याच भूमीत घडल्या आहेत.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी अवध प्रांत निःशस्त्र केला. तालुकदारांच्या सुमारे दीड हजार गढ्या पाडण्यात आल्या. दीड लाखाहून अधिक बंदुका आणि पाच लाखांहून अधिक तलवारी गोळा करण्यात आल्या. पुढे 1878 साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्रकायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शस्त्रकायद्याच्या नियमांतून युरोपीय लोकांना सूट होती आणि ज्याचा देश होता त्याला मात्र परवाना मागावा लागे. त्यामुळे या कायद्याची जी चीड आली, तिच्या मुळाशी बंदुकीच्या हौसेपेक्षा अपमानाची जाणीव अधिक होती.

1887 साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. 1908 साली 'केसरी'तील ज्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांपैकी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखात राष्ट्राला निःशस्त्र केल्याचा सल स्पष्ट उमटला आहे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या महात्मा गांधींनीही 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना, संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणे हे इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांतील सर्वांत काळे कृत्य होय, अशा आशयाचे उद्गार काढले. 1930 च्या जानेवारीत त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील एक आत्मसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने मिळावेत अशी होती. मात्र त्या मागणीतच, हे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली असावेत, अशी अटही होती. हक्क आणि नियंत्रण या दोन्ही कल्पना गांधींनी एकाच वाक्यात बांधल्या होत्या, हे आजच्या वादात सहसा कोणी सांगत नाही.

1931 च्या कराची अधिवेशनाने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. साहजिकच संविधान सभेत हा प्रश्न पुन्हा निघाला. 1948 च्या डिसेंबरात हरि विष्णू कामत यांनी हा हक्क संविधानात घालावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सत्तेच्या काळात या मागणीला जे कारण होते ते आता उरलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कोणीही बाजारात जावे आणि हवे ते शस्त्र विकत घ्यावे, अशा स्थितीत राज्यकारभार कसा चालावा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रसंग पडल्यास राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याचे कर्तव्य हक्कापेक्षा महत्त्वाचे आहे, असेही त्यांनी सुचविले. कामतांची सूचना मान्य झाली नाही. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात जमण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु ते शांततेने आणि शस्त्रांवाचून जमण्याचे.

अमेरिकेने उलटी वाट धरली. तेथील संविधानातील 1791 च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि 2008 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, हा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्वाळा दिला. ब्रिटनमध्ये 1996 साली डनब्लेन येथील शाळेत सोळा मुले व त्यांची शिक्षिका गोळीबाराला बळी पडली आणि पुढल्याच वर्षी तेथे खाजगी पिस्तुलांवर बंदी आली. ऑस्ट्रेलियात त्याच 1996 साली पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेली. त्यानंतर सरकारने मोबदला देऊन सहा लाखांहून अधिक शस्त्रे नागरिकांकडून परत घेतली.

आपला कायदा या दोन टोकांच्या मध्ये आहे. 1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला. त्यानुसार परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. अर्जदार सामान्यतः एकवीस वर्षांचा असावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागविला जातो आणि नकार मिळाल्यास अपील करता येते. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असेही त्यात कलम आहे. बंदूक हे श्रीमंतांचे भूषण होऊ नये, ही दृष्टी त्यामागे दिसते. 1983 साली एका व्यक्तीपाशी तीनच शस्त्रे असावीत अशी मर्यादा घातली गेली. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. मूळ विधेयकात एकाच शस्त्राची मुभा होती, परंतु संसदेत आक्षेप निघाल्यावर दोन कायम झाली. याच दुरुस्तीने आनंदोत्सवात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रूढीचा मानही कायदा क्वचित राखतो. कोडगू जिल्ह्यातील कोडवांना परवान्यातून दिलेली जुनी सूट 2019 साली आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली.

शासनाच्या आकडेवारीप्रमाणे 2016 च्या अखेरीस देशात सुमारे 33 लाख 69 हजार परवाने होते. त्यांपैकी 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात सुमारे 84 हजार. लोकसंख्येच्या फरकाने हे अंतर उलगडत नाही. येथे बंदूक संरक्षणाचे साधन आहे तशीच ती प्रतिष्ठेची खूणही आहे.

नियंत्रणाच्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. बंदुकीने होणाऱ्या खुनांत परवान्याच्या शस्त्राचा वाटा थोडा असतो. बहुतेक खून गावठी कट्ट्याने किंवा बिनपरवाना पिस्तुलाने होतात. मग जो रांगेत उभा राहून अर्ज करतो त्यालाच का छळावे? 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका खटल्याच्या निमित्ताने बिनपरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, ती त्यांच्या प्रसारामुळेच. अमेरिकेप्रमाणे येथे शस्त्र हा मूलभूत हक्क नाही, असेही न्यायालयाने त्या वेळी बजावले. तात्पर्य, कट्ट्यांचे कारखाने मोडणे हे शासनाचे पहिले काम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यावरून परवान्याचे नियम सैल करावेत असे निष्पन्न होत नाही. लग्नातल्या त्या मुलाला छर्रे लागले ते कट्ट्याचे नव्हते.

येथे मला काकोरी आठवते. मानक नगरपासून जवळच आलमनगर स्थानक आहे. 9 ऑगस्ट 1925 रोजी काकोरी आणि आलमनगर यांच्या दरम्यान क्रांतिकारकांनी गाडी थांबवून सरकारी खजिना घेतला. त्या खटल्यात ज्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, ते रामकृष्ण खत्री आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. पुढे त्यांनी लखनौलाच घर केले आणि 1996 साली ते येथेच वारले. प्रवाशांना इजा करायची नाही, असा त्या तरुणांचा निश्चय होता. तरीही एका पिस्तुलातून गोळी सुटली आणि एक निरपराध प्रवासी मेला. त्या तरुणांच्या ध्येयाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे आणि म्हणूनच हे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. हेतू कितीही शुद्ध असला तरी सुटलेल्या गोळीला तो ठाऊक नसतो.

म्हणून शस्त्रकायद्याचे प्रमाण मालकाच्या सज्जनपणावरून ठरवू नये. सज्जन माणसाचा हात ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी काय होईल, यावरून ते ठरवावे. 2016 च्या नियमांत अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे, ते योग्यच आहे. कुलूपबंद पेटी, काडतुसांचा हिशेब, समारंभात शस्त्र न नेण्याचा दंडक, या गोष्टी जाचक वाटल्या तरी ब्रेकच्या तपासणीहून वेगळ्या नाहीत.

परंतु हे प्रमाण शासनालाही लागू आहे. नागरिकाच्या हातून शस्त्र काढून घेणारे किंवा त्याला ते नाकारणारे राज्य त्याच्या संरक्षणाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेत असते. हाक मारल्यावर पोलीस वेळेवर न आले, तर तो करार राज्याने मोडला असे होईल. नियंत्रण म्हणजे मनमानीही नव्हे. निवडणूक आली की साऱ्या परवानाधारकांना सरसकट शस्त्रे जमा करावयास लावण्याची प्रथा पडली होती. 2024 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने असा सरसकट आदेश देता येणार नाही, प्रत्येकाचा विचार कारणासहित स्वतंत्र झाला पाहिजे, असा निर्णय दिला. 1878 च्या कायद्यात आणि आजच्या कायद्यात फरक असायचा तो येथेच. त्या कायद्याला प्रजेवर विश्वास नव्हता. स्वराज्यातील कायद्याने नागरिकाला कारण विचारावे आणि स्वतःही कारण द्यावे.

माझ्या शेजाऱ्यांचा अर्ज मी नीट करून दिला. त्यांची गरज खरी आहे, असे माझे मत आहे. अर्ज अद्याप विचाराधीन आहे. येत्या सहालगात त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न आहे. परवा ते पत्रिका घेऊन आले. वडीलधाऱ्यांच्या नावांखाली एक ओळ ठळक अक्षरांत छापली होती: कृपया समारंभात शस्त्र आणू नये. ती ओळ माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "यावर काही नातेवाईक रुसले आहेत. रुसू देत."