खुडूक कोंबडीच्या छातीखाली

रोज अंडं घालून केकाटत बाहेर येणारी गावरान कोंबडी एके दिवशी पाटीतून उठतच नाही. हात पुढे केला की अंग फुलवते, घशातून घुर्र करते आणि टोच मारते. कोंबडी खुडूक झाली, आता अंडी बंद, म्हणून घरात कुरकुर सुरू होते. पण तिला हळूच उचलून पोटाखाली हात घालून बघा. छातीखालची पिसं झडलेली असतात आणि बोटांना थेट उघडी कातडी लागते, चांगली ऊन ऊन. खुडूकपणाचं सगळं तंत्र या कातडीत आहे. ते कळलं की तिचं पुढं काय करायचं तेही कळतं.

मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी या दिवसांत प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक भरपूर सोडते. बाळंतिणीला दूध येतं ते याच प्रोलॅक्टिनमुळे. कोंबडीला ते अंड्यांवर बसवतं. अंडाशय आक्रसतं, भूक मंदावते, छातीची पिसं गळतात आणि तिथल्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आता मधे पिसांचा अडसर नसल्यानं ती ऊब सरळ अंड्याच्या कवचाला मिळते. थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. अंड्यांचा स्पर्श त्या कातडीला जाणवतो, खबर नसांवाटे मेंदूला पोचते आणि प्रोलॅक्टिन चढंच राहतं. टर्कीच्या माद्यांमध्ये या कातडीच्या नसा तोडून पाहिल्या, तेव्हा प्रोलॅक्टिन तसं चढलं नाही. कोंबडी अंडी उबवत असते आणि अंडी कोंबडीला खुडूक ठेवत असतात!

म्हणून खुडूक मोडायची असेल तर हा स्पर्श आणि ही ऊब तोडायची. काही ठिकाणी कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस खुपसतात. पीस खुपसणं हा निव्वळ छळ आहे आणि त्याची गरजही नाही. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून उजेडात ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या, आत गवताची काडीसुद्धा नको. खालून वारा लागतो, छाती थंड पडते, बूड टेकवायला ऊबदार जागा मिळत नाही. लवकर ध्यानात आलं तर तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या सुटतात. अंडाशय पुन्हा भरात यायला मात्र आणखी दोनेक आठवडे लागतात.

पण कळपात कोंबडा असेल तर मी म्हणेन, तिला बसू द्या. ही देणगी सगळ्या कोंबड्यांत उरलेली नाही. वर्षाला ३००च्या घरात अंडी देणाऱ्या व्हाइट लेगहॉर्नमधून माणसानं निवड करकरून खुडूकपणा जवळजवळ पुसून टाकला. तिची पिल्लं ३७.५ अंशांवर लावलेल्या यंत्रात जन्मतात.

खाली दहा-बारा अंडी पुरेत. सगळी तिच्या अंगाखाली झाकली गेली पाहिजेत. ही अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असतात, मग पिल्लं एकदम कशी निघतात? फळलेलं अंडं बाहेर पडतं तेव्हाच बलकावर हजारो पेशींची एक इवलीशी चकती तयार असते. साधारण २० अंशांच्या खाली तिची वाढ थांबून राहते, जीव मात्र शाबूत असतो. सगळी अंडी एकाच रात्री छातीखाली गेली की सगळ्यांचा पहिला दिवस एकच ठरतो. आपल्याकडे मे महिन्यात इथंच घोळ होतो. घरातच पारा ३५वर असतो, वाढ अर्धवट सुरू होते आणि आतला जीव दगावतो. म्हणून उन्हाळ्यात अंडी ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात ठेवावीत आणि आठवड्याच्या आतली ताजीच बसवावीत.

अंडी अंधार पडल्यावर सरकवावीत, म्हणजे कोंबडी बिचकत नाही. प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या त्याच पाटीत येऊन अंडी घालून जातात. सातव्या रात्री अंड्यामागं बॅटरी धरा. एका काळ्या ठिपक्यातून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जितं आहे. आरपार नुसता पिवळा उजेड दिसला तर काढून टाका.

कोंबडी दिवसातून एकदा, वीसेक मिनिटं उठते. खाते, पिते, एकच भलीमोठी घाण वास मारणारी शीट टाकते, धुळीत लोळते आणि परत येते. तेवढ्यात अंडी गार पडतील म्हणून घाबरू नका. बसली असताना ती चोचीनं अंडी पुन्हा पुन्हा फिरवते, कडेची मध्ये ओढते. ती फिरली नाहीत तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटू शकतो. यंत्रातले ट्रे तासातासाला कलवतात ते यासाठीच.

विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी फोडतं आणि पहिला श्वास घेतं. कवच अजून अखंड असतं, तरी आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या कुक् कुक् आवाजात ओ देते. मग चोचीवरच्या एका टणक टोकानं कवचाला भोक पडतं, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू गोल फिरत फिरत झाकण कापून बाहेर येतं.

पहिलं पिल्लू दिसलं की दाणे टाकून कोंबडीला उठवू नका. बाहेर येण्याआधी पिल्लानं उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो; त्यावर ते दोन दिवस सहज तगतं. तेवढ्या वेळात मागं राहिलेली अंडी फुटतात. कोंबडी आपणहून पिल्लं घेऊन उठली की तांदळाची बारीक कणी आणि उथळ थाळीत पाणी ठेवा. ती दाणा उचलेल, पुन्हा खाली टाकेल, भराभर आवाज देईल आणि पिल्लं तिथंच टोचायला शिकतील. तुमच्याकडे एकच काम उरतं: पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लसीचा थेंब प्रत्येकाच्या डोळ्यात घालायचा.