न्हाणीघरातली दांडी
उतारवयात आपल्याच घरात राहण्याची इच्छा पुष्कळदा एका पडण्याने मोडते. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वावलंबन जाते. पडणे हा वयाचा भोग मानतात, पण पुरावा वेगळे सांगतो. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यानुसार घरातले धोके कमी केल्यावर पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्के घटते. नुकतेच पडलेल्या किंवा रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांमध्ये तर ३८ टक्के. ज्यांना धोका कमी, त्यांना ठळक फायदा दिसला नाही. म्हणून सरसकट तोडफोड नको. सुरुवात थकलेल्या माणसापासून आणि ओल्या न्हाणीघरापासून व्हावी. कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी (टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही), न घसरणारी फरशी, रात्री पलंगापासून संडासापर्यंत उजेड.

घराला दवाखान्याची कळा येते, ही तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. ज्येष्ठांना न विचारता लावलेली दांडी त्यांना परकी वाटते. त्यांचा हात आधारासाठी जिथे जातो तिथेच ती हवी, आणि ती जागा त्यांनीच दाखवावी. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तरी रात्रीचा दिवा लावायला आणि सरकणारे पायपुसणे उचलायला घरमालकाची परवानगी लागत नाही.