जॅकचा शेगडा

गावाकडचा जुना सुतार लाकूड पायाने धरतो. जमिनीवर बसायचे, फळीचे एक टोक खुंटीला टेकवायचे, दुसरीकडून तळपाय दाबायचा आणि रंधा चालवायचा. मावळातले नांगर, पाभरी, बैलगाडीची चाके अशाच पकडीवर घडली. ती पकड कमी दर्जाची मुळीच नाही. पाय क्षणात सोडतो, क्षणात धरतो आणि लाकूड थरथरले तर आधी त्यालाच कळते. पण टेबलाशी उभे राहून काम करायचे ठरवले, की पायांचे हे काम टेबलाकडे द्यावे लागते. तिथे शेगडा लागतो. हल्ली सगळे व्हाइसच म्हणतात.

आमच्या कान्ह्यात बहुतेक घरांत कोणी ना कोणी तळेगाव, चाकण किंवा टाकव्याच्या कारखान्यात कामाला असतो, त्यामुळे व्हाइस म्हटले की डोळ्यांपुढे येतो फिटरचा. तो लाकडाला लावू नये. त्याचे दातेरी जबडे लोखंडासाठी असतात. सागाच्या रंधलेल्या पृष्ठावर ते कायमचे वण उठवतात. शिवाय तो टेबलाच्या वर उंच बसतो आणि लांब फळीला खालून आधारच राहत नाही. सुतारी व्हाइसचा मागचा जबडा टेबलाच्या कडेशी सपाट हवा, म्हणजे कडा हीच टेकण होते. असा चांगला बिडाचा व्हाइस विकत मिळतो, पण त्याची किंमत भंगारातल्या पाइनवुडच्या खोक्यांतून उभ्या केलेल्या अख्ख्या टेबलाहून जास्त होते.

घरी करायचा तर पहिला प्रश्न स्क्रूचा. हार्डवेअरच्या दुकानात 16 मिमीचा आटे पाडलेला गज सहज मिळतो. त्याचे आटे बारीक, एका फेऱ्यात 2 मिमी. चार सेंटिमीटर उघडायला वीस फेरे. दिवसातून एकदा काही धरायचे असेल तर चालेल. दर पाच मिनिटांनी फळी उलटायची असेल तर हात कंटाळतो आणि माणूस नीट न धरताच करवत चालवू लागतो. शिवाय त्रिकोणी आट्यांत घर्षण जास्त, म्हणून लावलेला बराचसा जोर आट्यांतच जिरतो.

याहून फार चांगला स्क्रू आपल्या डोळ्यांसमोर असतो. वडगावपासून कामशेतपर्यंत हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठत आहेत, आणि प्रत्येक स्लॅबखाली सेंटरिंगचे जॅक उभे असतात. जाड गज, भरड आटे, टोकाला चौकोनी प्लेट आणि दोन कान असलेली ओतीव चकती, म्हणजेच नट. थोडा वाकलेला जॅक स्लॅबखाली वापरत नाहीत. तो भंगारात किलोच्या भावाने येतो. निवडताना नट हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावा. सिमेंट लागलेले असेल तर हरकत नाही, तारेच्या ब्रशने निघते. गज मध्येच वाकलेला असेल तर मात्र तो सोडून द्यावा. माझ्या जॅकचे आटे 6 मिमीचे आहेत. वीस फेऱ्यांचे काम सातांच्या आत होते.

जॅक दोन तऱ्हांनी बसवता येतो. प्लेट टेबलाच्या पायामागे बोल्टने आवळून नट पुढून फिरवला, तर वेल्डिंगचे नावच नको. पण मग गज मांडीच्या उंचीवर बाहेर डोकावतो, आणि घरात लहान मूल असेल तर मला ते पटत नाही. मी दुसरी तऱ्हा धरली. नट पायामागे पक्का, प्लेट पुढे, आणि प्लेटवर मूठ घालायला पाइपचा तुकडा वेल्ड केलेला. वेल्डरची तेवढी पाच मिनिटे लागतात. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुले हाताने करत शिकतात आणि एकाच शिक्षणात कार्यशाळाही येते, शेतीही येते. सुतार आणि वेल्डर यांच्यामधली भिंत अशी पडलेली असेल, तर हा व्हाइस कुठल्याही गावात एका दुपारी होतो.

आता खरा गाभा. पकड स्क्रूच्या जोरात कमी आणि जबड्याच्या टेकण्यात जास्त असते. जबड्यासाठी मी टेबलाच्या पायालाच जोडलेली उभी फळी निवडली. जुन्या घराच्या मोडीतली बाभळीची. खाली, जबड्याच्या वरच्या कडेपासून 70 सेंटिमीटरवर, पायातून आरपार सरकणारी एक पट्टी असते. तिला ओळीने भोके पाडून त्यांत खिळा घालतात. खिळा म्हणजे तरफेची टेकण. स्क्रू वरून 22 सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्या जोरातला सुमारे दोन तृतीयांश जबड्याला मिळतो. तीच पट्टी 45 सेंटिमीटरवर घेतली तर निम्माच. म्हणून पट्टी जमिनीच्या जितकी जवळ, तितके बरे.

खिळा कुठल्या भोकात घालायचा, यावर सगळे अवलंबून. खालचे अंतर धरलेल्या लाकडाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त हवे, म्हणजे जबड्याच्या फळीची वरची कडा आधी टेकते आणि घट्ट बसते. कमी झाले तर खालचा भाग दाबला जातो आणि वर लाकूड डुलत राहते. फळी अशी कलते, म्हणून तिच्यातले स्क्रूचे भोक वर-खाली थोडे लांबट कोरावे.

रुंद फळीच्या टोकाला डवटेल कापायचे असेल, तर एकच स्क्रू मधे येतो. तिथे लंडनच्या जोसेफ मॉक्सनने 1678 पासून भागाभागांनी छापलेल्या पुस्तकातला दोन स्क्रूंचा शेगडा सरस. दोन ठोकळे, दोन बाजूंना दोन गज, मधली जागा पूर्ण मोकळी. त्याला 16 मिमीचे गज पुरतात, कारण तो वारंवार उघडावा लागत नाही.

मावळातल्या पावसाचा हिशोब मात्र वेगळा धरावा लागतो. आषाढात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात चपखल बसवलेली पट्टी खाचेत अडकते. खाच दोन-तीन मिलिमीटर सैलच ठेवावी. तिथे नेमकेपणाने काही साधत नाही. पट्टीला मेण चोळावे, आट्यांना ग्रीस, पण जबड्यापासून दूर, कारण ग्रीस लागलेल्या लाकडावर पॉलिश धरत नाही. जबड्याला आतून चामड्याचा तुकडा फेव्हिकॉलने चिकटवावा. चामडे कमी जोरातही घट्ट धरते.

मूठ लाकडाचीच ठेवावी, साधारण 30 सेंटिमीटरची. तिच्यावर पाइप चढवून जोर वाढवायचा मोह होतो, पण जॅक टनाचा भार पेलायला केलेला आहे आणि टेबलाचा पाय तसा नाही. जोर जास्त झाला तर मूठ आधी मोडावी, पाय उभा चिरू नये. मोडलेली मूठ त्याच संध्याकाळी नवी करता येते.