मेकन काउंटी : चर्चच्या आवारात घडलेला इतिहास

मराठी वाचकाला टस्कीगी हे गाव ठाऊक आहे ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरमुळे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि कार्व्हर जिथे शिकवत त्या अलाबामातल्या संस्थेचं नाव महाराष्ट्रातल्या शाळा-वाचनालयांपर्यंत पोचलं. हे टस्कीगी ज्या मेकन काउंटीचं मुख्य ठाणं आहे, तिची कहाणी मात्र कार्व्हरच्या आधी सहा दशकं सुरू होते आणि त्याच्यानंतरही बराच काळ चालू राहते. अमेरिकेच्या दक्षिणेतला हा ग्रामीण भाग. मताधिकार, शाळा आणि वैद्यकीय संशोधन या तिन्ही बाबतींत साऱ्या देशाला आपले कायदे आणि नियम तपासायला त्याने भाग पाडलं.

काउंटी राज्याच्या पूर्व भागात, राजधानी माँटगोमेरीच्या पलीकडे वसली आहे. क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मैल. वायव्येला टॅलापूसा नदी, मधून उफापी आणि कॅलिबी हे ओढे, उत्तरेकडे पाइनच्या झाडीच्या वालुकामय टेकड्या. दक्षिणेकडे 'ब्लॅक बेल्ट' लागतो. ही काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल. ती मुळात मस्कोगी म्हणजे क्रीक लोकांची. मार्च १८३२ मध्ये त्यांच्याकडून करारावर सही घेतली गेली, त्याच वर्षी १८ डिसेंबरला काउंटी स्थापन झाली आणि १८३६ च्या सुमारास बहुतेक क्रीकांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आलं. मोकळ्या झालेल्या जमिनीवर गोऱ्या मळेवाल्यांनी कापूस लावला. तो पिकवणारे हात गुलामांचे होते.

यादवी युद्धानंतर गुलामी संपली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. काळी कुटुंबं वाट्याने शेती करू लागली. बी-बियाणं, पीठ-मीठ सगळं उधारीवर, आणि हंगामाअखेर हिशेब व्हायचा तो मालकाच्या वहीत. तरीही लोकसंख्या काळ्यांची जास्त होती आणि मताचा हक्क अजून पुरता हिरावला गेला नव्हता. याच बळावर १८८० मध्ये एक सौदा झाला. डब्ल्यू. एफ. फॉस्टर या उमेदवाराला राज्याच्या सिनेटवर जायचं होतं. पूर्वी गुलाम असलेले लुइस ॲडम्स हे टस्कीगीतले कसबी कारागीर. काळ्यांची मतं हवी असतील तर आमच्या मुलांसाठी शाळा द्या, असं त्यांनी सांगितलं. फॉस्टर निवडून आला आणि शिक्षकांच्या पगारापोटी वर्षाला २,००० डॉलर मंजूर झाले. जागा नाही, इमारत नाही. होते ते फक्त पगाराचे पैसे. ४ जुलै १८८१ रोजी बुकर टी. वॉशिंग्टन या तरुण शिक्षकाने बटलर चॅपल या चर्चशेजारच्या मोडकळीला आलेल्या खोलीत तीस विद्यार्थ्यांसह शाळा सुरू केली.

पुढच्या वर्षी एक ओसाड मळा विकत घेतला गेला. इमारतीला विटा हव्या होत्या, म्हणून विद्यार्थ्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून माती तुडवली आणि भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही. गाठीला काही उरलं नाही, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीला जाऊन आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं. चौथी भट्टी साधली. घड्याळ काही सुटलं नाही. पुढे आसपासचे गोरे लोकही विटा न्यायला संस्थेत येऊ लागले. एम.आय.टी.तून वास्तुशास्त्र शिकून आलेले रॉबर्ट टेलर यांनी बांधलेल्या अनेक इमारती याच मातीच्या विटांच्या आहेत.

कार्व्हर आले १८९६ मध्ये. तोवर वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन जमीन पार दमली होती. दलदलीतला गाळ आणि पालापाचोळ्याचं खत, चवळी, रताळी आणि भुईमूग हा त्यांचा उतारा. मात्र तो पटवून द्यायचा तर शेतकऱ्याच्या बांधावरच जायला हवं होतं. १९०६ मध्ये खेचरं जुंपलेली एक गाडी तयार झाली. न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांनी पैसे दिले म्हणून तिला 'जेसप वॅगन' म्हणत. नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र असं सगळं भरून ती गावोगाव फिरे. त्याच वर्षी तिची सूत्रं टॉमस कॅम्पबेल यांच्याकडे आली आणि ते देशातले पहिले काळे सरकारी कृषी विस्तार अधिकारी ठरले.

शाळांचंही असंच लोण पसरलं. १९१२ मध्ये शिकागोचे व्यापारी जूलियस रोझेनवॉल्ड यांनी दिलेल्या देणगीतून टस्कीगीच्या परिसरात सहा छोट्या शाळा उभारण्याचं ठरलं. अट एकच, गावाने आपला वाटा उचलायचा. कुणी जमीन दिली, कुणी लाकूड, कुणी दिवसभराची मजुरी. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत अशा पाच हजारांहून अधिक इमारती उभ्या राहिल्या.

अशीच एक रोझेनवॉल्ड शाळा नोटासल्गाजवळ शायलो बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात आहे. रविवारची प्रार्थना, मुलांचे वर्ग आणि मयताचा दफनविधी, गावाचं सगळं जगणं या एका आवारात होतं. लोकांचा विश्वास तिथे एकवटलेला होता आणि नेमका त्याच विश्वासाचा वापर करण्यात आला. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेची माणसं काउंटीत आली आणि 'दूषित रक्ता'वर मोफत उपचार मिळतील असं सांगितलं. शायलोसारख्या चर्चमधूनही माणसं गोळा झाली. ६०० काळे पुरुष निवडले गेले. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. रोगाचं नाव त्यांना कधी सांगितलं नाही. गरम जेवण, दवाखान्यापर्यंत गाडी आणि दफनाचा खर्च एवढं त्यांना मिळे. मात्र त्यासाठी मेल्यावर शवविच्छेदनाला संमती द्यायची. उपचार न करता हा रोग माणसाचं काय करतो, ते शास्त्रज्ञांना पाहायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय ठरला, तोही त्यांच्यापासून दूर ठेवण्यात आला. टस्कीगीच्या संस्थेनेही या कामाला आपलं रुग्णालय आणि आपलं नाव दिलं होतं, हे विसरता येत नाही.

चाळीस वर्षं हे चाललं. पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच माणसाने दिलेल्या माहितीवरून जुलै १९७२ मध्ये पत्रकार जीन हेलर यांनी ही बातमी फोडली. टस्कीगीतले वकील फ्रेड ग्रे यांनी दावा लावला, १९७४ मध्ये एक कोटी डॉलरची तडजोड झाली आणि माणसांवरच्या संशोधनासाठी त्याच वर्षी देशाला नवा कायदा करावा लागला. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली, तेव्हा त्या सहाशेंपैकी आठ जण हयात होते.

त्याआधी फ्रेड ग्रे यांनी काउंटीतला आणखी एक खटला लढवला होता, तो मताधिकाराचा. १९४१ ते १९४६ या काळात टस्कीगीच्या मोटन फील्डवर काळ्या वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले आणि पुढे युरोपच्या आकाशात नाव कमावलं. देशासाठी लढणाऱ्यांना गावात मतदार यादीत नाव घालायला मात्र खेटे घालावे लागत. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांची नागरिक संघटना एकेक नाव नोंदवत राहिली. यादी वाढू लागली तेव्हा १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली. चौकोनी टस्कीगी अठ्ठावीस बाजूंचं झालं. सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. गोरा मतदार एकही नाही.

जूनमध्ये लोक पुन्हा बटलर चॅपलपाशी जमले, या वेळी हजारोंनी. गोऱ्यांच्या दुकानांतून खरेदी बंद करायची, असं ठरलं. लोक किराणासुद्धा परगावाहून आणू लागले आणि अनेक दुकानांना टाळं लागलं. हद्दबदलाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये न्यायालयाने एकमताने गोमिलियन यांच्या बाजूने कौल दिला. मतदारसंघांच्या सीमारेषांवरील वादांत या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

पुढचं दशक कठीण गेलं. सप्टेंबर १९६३ मध्ये टस्कीगी हायस्कूलमध्ये तेरा काळी मुलं जाणार होती; गव्हर्नर वॉलेस यांनी पोलीस पाठवून शाळाच बंद ठेवली. शाळा उघडली, पण गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. काळ्या मुलांच्या प्रवेशासाठी चाललेल्या खटल्याचा निकाल १९६७ मध्ये राज्यभर लागू झाला. जानेवारी १९६६ मध्ये सॅमी यंग हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी एका पेट्रोल पंपावर गोऱ्यांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहावरून झालेल्या वादात गोळी लागून मेला, आणि मारणारा निर्दोष सुटला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मेकनने ल्युशियस अमरसन यांना शेरिफ निवडलं. यादवी युद्धामागोमाग आलेल्या पुनर्रचनेच्या काळानंतर दक्षिणेतले ते पहिले काळे शेरिफ.

आज काउंटीपुढचा प्रश्न वेगळा आहे. १९५० मध्ये इथे ३०,५६१ माणसं होती, २०२० मध्ये १९,५३२ उरली. कापूस गेला, तरुण मुलं कामासाठी माँटगोमेरी, अटलांटाकडे गेली. रहिवाशांपैकी सुमारे ऐंशी टक्के काळे आहेत आणि काउंटीचा कारभार आता त्यांच्याच हाती आहे. संस्थेचं विद्यापीठ झालं, मोटन फील्डवर राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं आणि १८९२ मध्ये वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या शेतकरी परिषदेची परंपरा विद्यापीठाने पुढे चालू ठेवली.